थोरला आत गेला का?

उधळ्या पुत्राचा दाखला म्हटला की आपल्याला धाकटाच आठवतो. संडे स्कूलच्या नाटकात डुकरं राखणारा व्हायला पोरं भांडतात, थोरल्याचं काम उरलेल्या कुणाच्या तरी गळ्यात पडतं. उपदेशही बहुधा बापलेकांच्या मिठीपाशी संपतो. पण लूकच्या 15व्या अध्यायात दाखला तिथं संपत नाही.

आमच्या ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांसाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. धाकटा बाप जिवंत असतानाच वाटणी मागतो आणि दूरदेशी जाऊन सगळं उडवतो. दुष्काळात डुकरं राखायची पाळी येते (यहूद्यांना डुक्कर निषिद्ध, म्हणजे केवढी नामुष्की बघा). शेवटी, मजूर म्हणून तरी ठेवून घ्या, असं सांगायचं ठरवून तो घरी परततो. बाप त्याला लांबूनच पाहतो, धावत जाऊन मिठी मारतो. पोराचं घोकून आणलेलं बोलणं पुरतं होण्याआधीच झगा, अंगठी, वहाणा मागवतो, पुष्ट वासरू कापायला सांगतो. अट कसलीच नाही.

आता थोरला. शेतातून येतो, गाणंबजावणं ऐकतो अन् घरात पाऊल ठेवायला तयार होत नाही. त्याला आपण हेकट ठरवून मोकळे होतो. मला मात्र तो तितका वाईट वाटत नाही. हिशेब बघा ना. नियमशास्त्राप्रमाणे (अनुवाद 21:17) थोरल्याला दुप्पट वाटा. दाखल्यात आकडा नाही, पण दोनच भाऊ असतील तर तीनांतले दोन हिस्से थोरल्याचे. धाकट्याचा हिस्सा उडाला. घरात उरलं ते थोरल्याच्या वाट्याचं, म्हणजे ते वासरूही एका परीनं त्याच्याच खात्यातलं! आणि त्याला मित्रांबरोबर खायला साधं करडूसुद्धा कधी मिळालं नव्हतं.

क्षमा बापानं केली, झळ थोरल्याला लागली. ज्या घरात कुणी कर्ज करून किंवा दारूपायी सगळं घालवून परत आलंय, तिथं मागं राहून राबणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

बाप थोरल्यावर डाफरत नाही. पंगत सोडून बाहेर येतो आणि त्याची विनवणी करतो. धाकट्यासाठी धावला, तसाच याच्यासाठीही दाराबाहेर आला. आणि एक गोष्ट आपल्या ध्यानात राहत नाही: तो वाटणी फिरवत नाही. आपलं आहे ते सगळं थोरल्याचंच, असं स्पष्ट सांगतो. धाकट्याला झगा मिळाला, नवा हिस्सा मिळाल्याचं कुठं लिहिलेलं नाही. थोरला रागात ‘भाऊ’ हा शब्दच टाळतो, बाप नेमका तोच शब्द त्याच्यापुढं ठेवतो.

आपल्या बेळगाव भागात बांधावरून, उताऱ्यावरच्या नावावरून अबोला धरलेले भाऊ काही कमी नाहीत. नाताळला एकाच चर्चमध्ये दोन टोकांना बसतात. क्षमा करा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, म्हणजे हक्क सोडायचा का? दाखल्यातला बाप तसं मागत नाही. कागद कागदाच्या जागी राहू दे, तू पंगतीला ये, एवढंच त्याचं म्हणणं दिसतं. खरं सांगायचं तर हेच जास्त अवघड आहे.

येशू पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून परूशी आणि शास्त्री कुरकुरत होते, त्यांच्यासमोर हा दाखला सांगितला गेला. थोरले म्हणजे तेच. मग हा थोरला शेवटी आत गेला का? लूक काहीच लिहीत नाही. 16व्या अध्यायात लगेच अन्यायी कारभाऱ्याची गोष्ट सुरू होते.