बागेतील हौदाची गाळणी

‘गाळणी’ हा शब्द ‘गाळणे’ या क्रियापदापासून साधलेला असल्यामुळे गाळ अडविणे एवढेच तिचे कार्य, अशी समजूत शब्दातूनच रुजते. परिणामी चहाच्या गाळणीप्रमाणे हौदातील गाळणीही नळाखाली खळखळून धुतली जाते. मासे दगावतात ते पुष्कळदा या स्वच्छतेमुळेच.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया उत्सर्जित करतात. गाळणीच्या स्पंजावर वसलेले जीवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पहिली दोन द्रव्ये माशांना घातक. तिसरे त्या मानाने निरुपद्रवी होय. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने हे जीवाणू मरतात आणि नवी वसाहत जमण्यास काही आठवडे लागतात. यास्तव स्पंज हौदातूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलकेच पिळावा. दोन असल्यास एका वेळी एकच. तो बुळबुळीत राहिला तरी बिघडत नाही. किंबहुना, तसाच तो असावा.

जीवाणूंना प्राणवायू मिळतो तो वाहत्या पाण्यातून. म्हणून पंप रात्री बंद ठेवण्याची काटकसर महागात पडते. वीज कित्येक तास गेली असेल, तर बंद डब्याच्या गाळणीतील साचलेले पाणी आधी फेकून द्यावे.

प्रवाह मोजण्यास बादली पुरते. नळीच्या मुखाशी १० लिटरची बादली ४० सेकंदांत भरली, तर प्रवाह ताशी ९०० लिटर. हा वेळ वाढू लागल्यास प्रथम वीज तोडून पंपाच्या चाकात गुंतलेले तंतू काढावेत, नंतर नळीच्या आतील शेवाळ ब्रशाने घासावे. स्पंजाकडे वळावे ते सर्वांत शेवटी.