आकाशाचा छंद आणि जमिनीवरचा हिशेब

गेल्या दिवाळीत माझी थोरली बहीण, लातूरची अक्का, मला बाजूला घेऊन म्हणाली, "तू जन्मभर बँकेत लोकांचे हिशेब तपासलेस. आता एकदा तुझ्या भाच्याचा तपास. हे विमानाचे वेड त्याच्या डोक्यातून काढ." भाचा पंचेचाळिशीचा. नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणी त्याचा शेती अवजारांचा व्यवसाय आहे. विमान कंपनीत नोकरी करण्याचा विचार त्याच्या मनात कधीच नव्हता. केवळ हौसेखातर त्याने खासगी वैमानिकाचा परवाना मिळवला. अक्काला पैशापेक्षा जिवाची धास्ती अधिक होती. मी तिला शब्द दिला आणि वही घेऊन भाच्यासमोर बसलो.

हा छंद आपल्याकडे नवा नाही. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ साली स्थापन झाला आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळुरूला विमानांचा कारखाना काढला. अलीकडच्या काळात कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे अमोल यादव आणि २०१९ मध्ये हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडणारी मुंबईची आरोही पंडित ही नावे वाचकांना आठवतीलच. तथापि, वर्तमानपत्रात न येणारा हौशी वैमानिक कोणत्या विवंचनेत असतो, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

परवान्याच्या अटी ऐकून मला आश्चर्य वाटले. वय किमान १७ वर्षे, शिक्षण दहावी उत्तीर्ण, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि किमान ४० तासांचे उड्डाण. मी म्हणालो, "एवढेच?" भाचा हसून म्हणाला, "मामा, परवाना मिळवणे सोपे, तो जिवंत ठेवणे अवघड." उड्डाणाचा तासाचा खर्च पाच आकडी असतो. सराव सुटला की हात आणि नजर दोन्ही मंदावतात, म्हणून ठरावीक काळाने उडावेच लागते. घराजवळ क्लब नसल्याने त्याला कित्येक तासांचा प्रवास करून दुसऱ्या जिल्ह्यात जावे लागते. शिवाय या परवान्यावर उड्डाणाचा एक रुपयाही मोबदला घेता येत नाही. माझ्या वहीत खर्चाची बाजू भरत गेली; जमेची कोरीच राहिली.

दुसरी अडचण इंधनाची. मोठ्या प्रवासी विमानांचे इंधन रॉकेलच्या जातीचे; परंतु पिस्टन इंजिनाच्या लहान विमानांना एव्हगॅस नावाचे विशेष पेट्रोल लागते. पूर्वी ते आयात करावे लागे. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने ते वडोदऱ्याच्या कारखान्यातून देशी उत्पादन म्हणून बाजारात आणले. चार आसनी सेस्ना ताशी तीस-पस्तीस लिटर इंधन घेते. म्हणजे दोनशे लिटरचे एक पिंप जेमतेम सहा तास पुरते, आणि लहान विमानतळावर ते पिंप आपल्यासाठी ठेवणार कोण, हा प्रश्न उरतोच.

नांदेडच्या विमानतळाचा कायापालट २००८ मध्ये गुरुता गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त झाला. पुढच्याच वर्षी नांदेड आणि लातूरसह राज्यातील पाच विमानतळ दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने खासगी कंपनीकडे गेले. भाच्याचे व त्याच्या मित्रांचे मत असे की, धावपट्टी असणे ही केवळ सुरुवात आहे. विमान ठेवण्यास छप्पर, परवानाधारक तंत्रज्ञ, इंधन आणि वेळेवर मिळणारी अनुमती यांवाचून ती केवळ लांबलचक रस्ता ठरते. नांदेड ते लातूर हवाई अंतर सुमारे ११५ किलोमीटर; सेस्नाला पस्तीस-चाळीस मिनिटे पुरतात. पण त्यासाठी उड्डाण आराखडा, हवाई संरक्षण विभागाची अनुमती आणि विमानतळाच्या वेळा जुळवण्यात अर्धा दिवस जातो. तेवढ्यात मोटारीने माणूस पोहोचून जेवून घेतो. नजरेच्या भरवशावरील उड्डाण सूर्यास्तानंतर वीस मिनिटांच्या पुढे करता येत नाही. "आपल्या घरातल्या जेवणासारखेच की," असे मी म्हणताच अक्कालाही हसू आले.

मला खरा धडा मिळाला तो मात्र उन्हाचा. तापलेली हवा विरळ होते; पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही घटते. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंच. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की तिथली हवा साडेपाच हजार फुटांहून अधिक उंचीवरच्या हवेसारखी विरळ भासते. म्हणजे विमानाच्या दृष्टीने लातूर कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंच होते! अशा वेळी धावपट्टी अधिक लागते आणि चार आसने असली तरी चार माणसे बसवता येत नाहीत.

गेल्या एप्रिलमध्ये भाच्याने मला सोबत उडण्याचे निमंत्रण दिले. पहाटेच निघायचे ठरले होते; पण कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत अकरा वाजले. ऊन चढले, वारा धावपट्टीला आडवा वाहू लागला. विमानाचे पैसे भरलेले, मी नवा सदरा घालून तयार. भाच्याने कागदावर वजन, तापमान आणि धावपट्टीची लांबी मांडली, दोनदा ताळा केला आणि शांतपणे म्हणाला, "मामा, आज नाही." मी आग्रह केला, थोडा रागावलोही. तो बधला नाही. परतीच्या वाटेवर माझ्या लक्षात आले की, बँकेत कर्ज नाकारताना माझी जी परीक्षा होई, तीच त्याने माझ्यासमोर दिली होती. समोर आपलाच माणूस असताना नकार देणे सर्वांत कठीण असते.

पालकांना एक विनंती करावीशी वाटते. हौसेचा परवाना आणि व्यवसायाचा परवाना यांत गल्लत करू नका. व्यावसायिक परवान्यास २०० तासांचे उड्डाण आणि त्यापायी मोठी रक्कम लागते. साडेसात लाखांपुढील शैक्षणिक कर्जासाठी बँका सामान्यतः तारण मागतात, आणि ते तारण बहुधा घर किंवा शेत असते. म्हणून प्रशिक्षणाचे शुल्क भरण्यापूर्वी मुलाची किंवा मुलीची वैद्यकीय तपासणी करून घ्या. दृष्टीतला अथवा रंगज्ञानातला एखादा दोष आधी कळला तर घर वाचते.

अक्काला मी दिलेला शब्द पाळू शकलो नाही. तिला एवढेच सांगितले, "छंद तोट्याचा आहे, यात शंका नाही. पण तुझ्या मुलाला 'आज नाही' म्हणता येते." ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पुढच्या वेळी तू जाशील तेव्हा सकाळी लवकर निघा."