औषध दिलं, तरी आजार परत का येतो?

(काशीगाव येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

सुरुवात आपल्याच गल्लीपासून करू. डेंग्यूचा रुग्ण सापडला की धूरफवारणी होते. चार दिवस डास कमी होतात, मग पुन्हा येतात. असं का? नळाला पाणी वेळेवर येईल याची खात्री नसली की आपण पिंपं भरून ठेवतो. डेंग्यूचा एडिस डास नेमका अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणजे आजाराचं एक टोक दवाखान्यात, तर दुसरं नळाच्या वेळेत!

कॅनडातले अभ्यासक ग्लोबरमन आणि झिमरमन यांनी २००२ मध्ये प्रश्नांचे तीन प्रकार सांगितले. पहिला साधा, म्हणजे पाककृतीसारखा. दुसरा किचकट, म्हणजे चंद्रावर यान पाठवण्यासारखा; तिथे तज्ज्ञ लागतात, पण एकदा जमलं की पुन्हा जमण्याची शक्यता वाढते. तिसरा गुंतागुंतीचा, म्हणजे मूल वाढवण्यासारखा. थोरल्याला जे लागू पडलं ते धाकट्याला पडेलच असं नाही. आरोग्यव्यवस्था बहुतेक वेळा या तिसऱ्या प्रकारात मोडते, आणि आपण मात्र तिला यंत्र समजून एकेक भाग दुरुस्त करत बसतो.

हे आपल्याकडे कुणी ओळखलं? नगर जिल्ह्यातलं जामखेड बघा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं. तेव्हा तिथे हजार जन्मांमागे सुमारे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. आधी त्यांनी प्रशिक्षित परिचारिका गावात पाठवून पाहिल्या. ते नीट जमलं नाही. बाहेरून आलेल्या बाईला गावात रुजणं अवघड गेलं. मग गावातल्याच बायकांना शिकवायचं ठरलं. त्यातल्या कितीतरी जणी निरक्षर होत्या. दुष्काळात लोकांची पहिली मागणी पाण्याची होती, म्हणून पाण्याचं कामही हाती घेतलं. शेतकरी मंडळं, महिला मंडळं उभी राहिली.

इथली गंमत लक्षात घ्या. पाणी आलं तसा विश्वास आला. विश्वास आला तशी लस टोचून घ्यायला लोक तयार झाले. मूल जगतंय हे दिसलं, तेव्हा छोट्या कुटुंबाची गोष्ट आईला पटू लागली. आणि कालपर्यंत जिला कुणी विचारत नव्हतं, तिचा सल्ला गाव घेऊ लागलं. एका धाग्यानं दुसरा ओढला गेला. पुढच्या काही दशकांत तो १७६चा आकडा तिशीच्या खाली आला.

मग हाच नमुना देशभर छापायचा का? १९७७ मध्ये केंद्र सरकारनं गावोगावी आरोग्यरक्षक नेमण्याची योजना आणली. त्यात बहुतांश पुरुष निवडले गेले आणि योजना हळूहळू विरली. पद तेच होतं, पण त्याभोवतीचं नात्यांचं जाळं नव्हतं. २००५ नंतरच्या आशा योजनेत गावातलीच स्त्री निवडायची, हे तत्त्व आलं. मात्र तिच्यावर नुसती नोंदवह्यांची कामं लादली, तर तीच चूक पुन्हा होईल.

म्हणून पुढच्या वेळी डेंग्यूची बैठक होईल तेव्हा एवढंच विचारा: पाणी सोडणारा माणूस या खोलीत आहे का? पिंप भरणारी बाई आहे का? नसेल, तर आधी त्यांना बोलवा. मग एकाच गल्लीत छोटा बदल करून बघा, काय होतंय ते पाहा आणि त्यावरून पुढचं पाऊल ठरवा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.