पत्रक, पदावली, स्मरणिका

सोलापुरात हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकाला जाणाऱ्याच्या हाती जो छापील कागद पडतो, तो दर वेळी एकाच जातीचा नसतो.

हस्तपत्रक सर्वांत साधे. एकपानी, स्वस्त कागदाचे. नाटकाचे नाव, कलावंत, वार, वेळ, तिकिटाचे दर. ते प्रयोगाआधी वाटतात, कारण त्याचे काम प्रेक्षक आणण्याचे.

पदावलीची गोष्ट वेगळी. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगमंचावर आले आणि संगीत नाटकाने महाराष्ट्राला वेड लावले. नाटकातली पदे क्रमाने छापलेली छोटी पुस्तिका रसिक विकत घेत. पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात राग, ताल आणि ‘चाल अमुक’ अशी ओळ असे. जुन्या चालींचा माग काढणाऱ्या अभ्यासकाला ही एवढीशी ओळ सर्वांत मोलाची.

राज्य नाट्य स्पर्धेतल्या हौशी संस्थांची घडीपत्रिका मला सर्वांत जवळची वाटते. नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, रंगमंच व्यवस्था अशी प्रत्येक कामापुढे नावे असतात. पडद्यामागच्या कित्येकांचे नाव छापून येण्याची हीच एक जागा.

स्मरणिका जाडजूड: शतक महोत्सवाची किंवा संमेलनाची, लेख, छायाचित्रे आणि जाहिरातींसह.

पत्रकांवर वार-तारीख असते, साल पुष्कळदा नसते. घरी जुनी पत्रके असतील तर मागे पेन्सिलीने साल आणि नाट्यगृहाचे नाव आजच लिहून ठेवा.