नोटेवर मेंदी रंगेल?

शंभराची नोट आहे का हो जवळ? कटिंग चहापासून रिक्षापर्यंत सगळं स्कॅन करून भागवणाऱ्या पब्लिकला हा प्रश्न जरा आऊटडेटेड वाटेल. तरी शोधा, पर्सच्या आतल्या कप्प्यात एखादी सापडेलच. आता ती डोळ्यांजवळ धरा. केसासारख्या बारीक रेघांचं, वळणं घेत एकमेकींना छेद देणारं जाळं दिसतंय? छपाईच्या भाषेत याला गिलोश म्हणतात. नक्कल करणाऱ्याच्या नाकी नऊ यावेत, हे त्याचं काम. आणि आता मागच्या लग्नात तुमच्या ताईच्या हातावर काढलेली मेंदी आठवा. सेम टू सेम नाही, पण दोघी चुलत बहिणी नक्की!

मग स्त्रियांच्या सन्मानासाठी नोटेवर सरळ मेंदीचीच नक्षी का नको? आयडिया हटके आहे. शिवाय चेहरा कुणाचा, यावरून भांडण नाही.

भांडण्यासारखं मात्र आहे. रिझर्व्ह बँकेच्या एकाही नोटेवर मुख्य चित्र म्हणून आजवर बाईचा चेहरा आलेला नाही. त्याआधी, एकोणिसाव्या शतकात, सरकारी नोटांवर होती ती व्हिक्टोरिया राणी. नाण्यांवर आल्या काही जणी. १९८५ मध्ये इंदिरा गांधी आल्या, २०२५ मध्ये ३०० रुपयांच्या स्मृतिनाण्यावर अहिल्यादेवी होळकर आल्या. पण ३०० रुपयांचं नाणं देऊन कुणी मंडईतून भाजी आणत नाही.

चेहऱ्याऐवजी बायकांच्या हातची कला, हा फंडा फिलिपिन्सने वापरलाय. २०१० मध्ये आलेल्या त्यांच्या नव्या मालिकेत नोटांच्या मागच्या बाजूला वेगवेगळ्या भागांतल्या कापडांची नक्षी आहे. हजार पेसोच्या नोटेवर आहे तिनालाक. अबाकाच्या, म्हणजे केळीच्या कुळातल्या झाडाच्या धाग्यापासून टिबोली जमातीच्या बायका हे कापड विणतात. नक्षी कागदावर काढायची नाही, ती स्वप्नात दिसते, अशी त्यांची श्रद्धा. लांग दुलाय या विणकर आजींना १९९८ मध्ये तिथल्या सरकारने राष्ट्रीय सन्मान दिला. तिनालाक म्हटलं की ते विणणारीच डोळ्यांसमोर येते, हा या नोटेचा प्लस पॉइंट.

मेंदीचं तसं आहे का? मला शंका आहे. मेंदीत सगळं लक्ष असतं ती लावून घेणारीवर. काढणारीचं नाव कोण विचारतं? (आणि सणासुदीला बाजारात स्टूल टाकून बसलेले मेंदीवाले कितीदा तरी पुरुषच असतात, तो भाग वेगळा!) रंग गडद चढला की नवऱ्याचं प्रेम जास्त, हे तर प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. म्हणजे कौतुक बाईचं की तिच्या सौभाग्याचं? कारण याच हिशेबाने नवरा गेल्यावर मेंदीही जाते, बांगड्या-कुंकवाबरोबर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला तो २०२२ मध्ये, फार जुनी गोष्ट नाही. ज्या नक्षीतून निम्म्या वाटेवर बाई वगळली जाते, ती 'समस्त महिला वर्गाच्या' सन्मानाची खूण कशी होणार?

मेंदी फक्त आपलीही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने मेंदीच्या परंपरेला वारसा यादीत घेतलं ते १६ अरब देशांच्या नावावर. त्यातलाच एक ट्युनिशिया. या मेंदीवाल्या देशाला बाईचा मान करावासा वाटला तेव्हा २०२० मध्ये त्यांनी दहा दिनारच्या नोटेवर तौहिदा बेन शेख यांचा चेहरा छापला. त्या ट्युनिशियाच्या पहिल्या महिला डॉक्टर. मला हे जास्त पटतं.

आणि आपल्याकडे? जांभळट रंगाची, जुलै २०१८ मध्ये जाहीर झालेली शंभराची नोट उलटी करा. ती 'राणी की वाव', गुजरातमधल्या पाटणची पायऱ्यांची विहीर. अकराव्या शतकात सोळंकी राजा भीमदेव वारला आणि त्याच्या स्मरणार्थ राणी उदयमतीने ती बांधली, असं मानतात. मेरुतुंग नावाच्या जैन ग्रंथकाराने १३०४ च्या सुमाराला तिचं नाव लिहून ठेवलंय. पुढे सरस्वती नदीच्या गाळात विहीर गाडली गेली, विसाव्या शतकात उकरून काढली गेली आणि २०१४ मध्ये जागतिक वारसा झाली. म्हणजे एका विधवा बाईने उभं केलेलं काम रोज करोडो लोकांच्या हातात फिरतंय आणि नोटेवर तिचं नावच नाही! राणी, एवढंच. कुठली, कोण, पत्ता नाही.

नाव छापायला खर्च तो काय? नक्षी बदलायची नाही, रंग बदलायचा नाही, फक्त एक शब्द. अर्थात नोटेवरचा ठिपकाही कुणाच्या लहरीवर हलत नाही. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २५ नुसार बँकेचं केंद्रीय मंडळ शिफारस करतं आणि केंद्र सरकार मंजुरी देतं. मग छपाई, जी आपल्या नाशिकरोडला १९२८ पासून चालू आहे.

मेंदीची हौस असेल त्यांनीही पाटणला एकदा जाऊन याच. अहमदाबादपासून साधारण सव्वाशे किलोमीटर, वीकेंडला आरामात होतं. वावच्या भिंतींवर जाळीदार नक्षीचे असे काही नमुने आहेत की फोनमध्ये फोटो काढून थेट मेंदीवालीला दाखवावेत. तीच नक्षी पाटणच्या पटोळ्यातही दिसते म्हणतात. फक्त पटोळ्याची किंमत विचारण्याआधी अकाउंटमधला बॅलन्स बघून घ्या!