वृंदगानाची पारख

युवक महोत्सवाचे दिवस जवळ आले की अमरावती-अकोल्याकडील पुष्कळ घरांतून समूहगीताच्या तालमीचे सूर ऐकू येऊ लागतात. वडील मंडळी कौतुकाने ऐकतात आणि हमखास विचारतात, ‘यात आमच्या मुलीचा आवाज कोणता?’ प्रश्न मायेचा खरा, परंतु उफराटा. वृंदात एकीचा आवाज निराळा ओळखू आला, तर तेथेच काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

आपल्या संगीतशिक्षणाची घडण एकट्या गवयाची आहे. मुरकी, मींड, हरकत ही ज्याची त्याची लकब. तिचे आपण कौतुकच करतो. पण सहा जणांनी एकाच स्वराला सहा रीतींनी स्पर्श केला म्हणजे त्याचा गलका होतो. वऱ्हाडाला एकत्र गाणे नवीन नाही. तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) मोझरीच्या गुरुकुंजातून सामुदायिक प्रार्थनेचे वळण गावोगाव नेले. तेथे सर्वांनी एका स्वरात म्हणावे एवढाच हेतू असतो, आणि तो उत्तम आहे. विद्यापीठीय महोत्सवांत मात्र भारतीय समूहगीताच्या जोडीला पाश्चात्य समूहगीताचाही विभाग असतो, आणि तेथे स्वरांची जुळणी करावी लागते.

ही जुळणी केवळ परक्यांची हौस आहे असे आम्हांस वाटत नाही. मुलांचा षड्ज साधारणतः काळी एकच्या आसपास, तर मुलींचा काळी चारच्या आसपास असतो. दोघांनी मिळून मधला एखादा षड्ज धरला की मुलांचा तारसप्तक किंचाळतो आणि मुलींचा मंद्र ऐकूच येत नाही. वरच्या व खालच्या आवाजांना निरनिराळे स्वर वाटून दिले, म्हणजे ही ओढाताण संपते.

यातील सर्वांत कठीण परीक्षा अमेरिकेतील जॅझ पद्धतीच्या वृंदगानाची. तेथे षड्ज, गंधार व पंचम यांच्यावर निषादही एकाच वेळी लावतात. कधी शुद्ध निषाद वरच्या षड्जाला अगदी खेटून उभा असतो. दोघींमध्ये अर्ध्या स्वराचे अंतर! एकीने जरा आंदोलन दिले की सगळी घडी विस्कटते. म्हणून तेथे लांबविलेला स्वर पुष्कळदा सरळ, न हलविता धरण्याची शिस्त लावतात. आपल्या मुलींना हे जड जाते, कारण स्वर हलविणे म्हणजेच गाणे, असे त्यांच्या कानी लहानपणापासून पडलेले असते. गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना बालवयातच स्वरलिपी व अनेक आवाजांचे गायन शिकवीत. मुंबईच्या जॅझ वाद्यवृंदांत गोमंतकीय वादक इतके का चमकले, हे त्यावरून उमगते.

परीक्षकाने पेटीवर फार विसंबू नये. पेटीचा गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा किंचित चढा असतो. कान तयार असलेला वृंद पेटी थांबताच स्वाभाविक गंधाराकडे झुकतो. त्याला बेसूर म्हणणे अन्यायाचे. एक सोपी कसोटी आम्ही सुचवितो : आरंभी षड्ज द्यावा, एक कडवे बिनसाथीने गाववावे आणि शेवटी तंबोरा छेडून पाहावा. वृंद खाली घसरला असेल तर दोष बहुधा श्वासात सापडतो. सर्वांनी एकदम दम घेतला की ओळीच्या शेवटी सर्वांचाच स्वर उतरतो. आळीपाळीने श्वास घेणे शिकविले, तर स्वर अखंड राहतो.

गुण देताना आणखी एक गोष्ट पाहावी. एका तयारीच्या गळ्याने आलाप घ्यावा आणि उरलेल्या पाचांनी मागे ओठ हलवावेत, अशा वृंदाला बक्षीस दिले की पुढील वर्षी त्या पाचांना शिकविण्याचे कष्ट कोण घेणार? मुलाला ‘तू हळूच म्हण’ असे सांगितले, की ते बहुधा कायमचेच गप्प होते.

उच्चारांचाही मेळ लागतो. आपल्याकडे ‘डोळा’ कोणी ‘डोया’ म्हणते. दोन्ही एकत्र आले की शब्द फाटतो, स्वर कितीही शुद्ध असो. याबद्दल वऱ्हाडी मुलाला हसण्याचे कारण नाही. लोकगीत असेल तर सहाही जणांनी ‘डोया’च म्हणावे, आणि परीक्षकाने त्यासाठी एकही गुण कापू नये.