हिवाळ्यातला निवांत मुक्काम: ऐकीव किती, खरं किती

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होतात, पहाटे गोधडी सोडवत नाही, बाजारात ओला हरभरा दिसू लागतो, आणि शहरातल्या अनेकांच्या मनात येतं की चार दिवस कुठेतरी शांत जागी जाऊन राहावं. लोणावळ्याचं कैवल्यधाम, उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम, इगतपुरीचं विपश्यना केंद्र, नाहीतर पुणे-नाशिकच्या आसपासचं एखादं शेतघर. वर्षभराचा शीण उतरवायला हे दिवस खरोखरच चांगले. पाऊस नाही, उन्हाचा जाच नाही, रात्री झोप गाढ लागते. पण अशा मुक्कामांबद्दल बरंच काही ऐकीव आहे. त्यातलं काही निरुपद्रवी आहे, काहींपायी पैसे वाया जातात, आणि दोन-तीन समज तर जिवावर बेतू शकतात.

“चार दिवस रसाहारावर राहिलं की शरीरातली विषं बाहेर पडतात”

‘डिटॉक्स’ हा शब्द हल्ली प्रत्येक जाहिरातीत असतो. कोणतं विष, ते किती होतं आणि किती बाहेर पडलं, हे मात्र कुणी सांगत नाही. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक भाग शरीर परत घेतं आणि नको ते दीड-दोन लिटर लघवीवाटे टाकतं. मद्य, औषधं आणि इतर घातक द्रव्यांचं विघटन यकृत करतं. निरोगी माणसात हे काम रात्रंदिवस चालू असतं. दुधीच्या किंवा कोहळ्याच्या रसाने त्याचा वेग वाढतो, याला पुरावा नाही.

तीन-चार दिवसांत काट्यावर दोन किलो कमी दिसतात, हे खरं आहे. पण त्यात चरबी फार थोडी असते. उपासात आधी संपतो तो यकृतात आणि स्नायूंत साठवलेला ग्लायकोजेन. त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं, तेही निघून जातं. घरी येऊन दोन दिवस नेहमीसारखं जेवलं की वजन परत जागेवर येतं.

मग तिथे बरं वाटतं ते कशाने? रात्री नऊ-दहाला दिवे बंद होतात, जेवण साधं आणि वेळेवर मिळतं, चहा-तंबाखू-दारू सुटते, सकाळ-संध्याकाळ चालणं होतं, फोन हातात नसतो. एवढ्याने रक्तदाब, पचन, झोप आणि चिडचिड या सगळ्यांत फरक पडतो. हा फायदा खरा आहे, त्याला विषाच्या गोष्टीचा टेकू लागत नाही. पोटावरची मातीची पट्टी, कटिस्नान यांनी गार, हलकं वाटतं. ते सुख जरूर घ्यावं, पण माती शरीरातून काही ‘ओढून’ घेते असं समजू नये.

मधुमेह असणाऱ्यांनी तर इथे फार जपायला हवं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना अचानक रसाहार सुरू केला, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. घाम, थरथर, गोंधळलेपण, नंतर बेशुद्धी. “इथे आल्यावर गोळ्या बंद” असं कुणी सरसकट सांगत असेल, तर तिथून परत फिरावं. डोस कमी करायचा की नाही, हे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं.

आयुर्वेदाचं नाव घेऊन जे हिवाळी उपास सांगितले जातात, त्यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट. ऋतुचर्येनुसार हेमंत आणि शिशिरात जाठराग्नी सर्वांत प्रबळ असतो, म्हणून या काळात स्निग्ध, पोटभर आहार सांगितला आहे. चरकसंहितेत तर हेमंतात वातूळ, हलकं आणि मोजकंच खाणं टाळायला सांगितलंय. आपल्या घरांत हे ज्ञान न सांगता पाळलं जातं: बाजरीची भाकरी आणि लोणी, तीळ, डिंकाचे लाडू, भोगीची भाजी. थंडीत उपाशी ठेवणारं पॅकेज ‘प्राचीन परंपरा’ म्हणून विकणं, हे त्या परंपरेच्याच विरुद्ध आहे.

“तेल लावलं, वाफ घेतली, पंचकर्म झालं”

नाही झालं. वमन, विरेचन, बस्ती, नस्य आणि रक्तमोक्षण ही ती पाच कर्मं. स्नेहन आणि स्वेदन, म्हणजे तेल आणि शेक, ही त्यांची पूर्वतयारी. शिरोधाराही या पाचांत नाही. ऋतूप्रमाणे करायच्या शुद्धीसाठी वसंतात वमन, शरदात विरेचन आणि वर्षाऋतूत बस्ती असा क्रम सांगितलेला आहे. आजारपणात वैद्य इतर वेळीही कर्म करतात, पण रुग्ण तपासून, दिवस मोजून. शनिवार-रविवारच्या मुक्कामात मिळतं ते चांगलं मालिश. थंडीत कोरड्या पडलेल्या कातडीला आणि आखडलेल्या खांद्यांना त्याने आराम मिळतो. तेवढ्याचेच पैसे द्यावेत.

तपासून पाहण्याची रीत काही परकी नाही. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं, तेच मुळी योगातले दावे प्रयोगशाळेत नेण्यासाठी. उड्डियान आणि नौली करताना शरीरात काय होतं, हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाब मोजून पाहिलं, आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून छापलं. शंभर वर्षांपूर्वी एक साधक एवढा काटेकोर होता. आज आपण निदान “हे कशावरून?” एवढं तरी विचारावं.

“विपश्यना म्हणजे दहा दिवसांची विश्रांती”

इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून शिबिरं चालतात. सत्यनारायण गोयंका ही साधना ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकले आणि १९६९ पासून भारतात शिकवू लागले. जाण्या-यायचे दिवस धरून मुक्काम बारा दिवसांचा होतो. पहाटे चारला घंटा वाजते. साडेचारला ध्यान सुरू होतं आणि मधल्या सुट्ट्या वगळून दिवसाचे सुमारे दहा तास बैठक असते. जेवण अकराला, त्यानंतर नव्या साधकांना संध्याकाळी पाचला चहा-दूध आणि फळं. रात्रीचं जेवण नाही. फोन जमा, वाचन-लेखन बंद, शेजाऱ्याशी खुणेनेही बोलायचं नाही. मौन सुटतं ते दहाव्या दिवशी.

हे कष्टाचं काम आहे. गुडघे-पाठ बोलतात, आणि दाबून ठेवलेली दुःखंही वर येतात. अनेकांना याचा मोठा लाभ होतो यात शंका नाही. पण तीव्र नैराश्य, उन्माद किंवा भ्रमाचा आजार असलेल्यांसाठी ही जागा नाही. केंद्राच्या अर्जातच मानसिक आजार आणि औषधं यांची माहिती मागतात, ती लपवू नये. मुलगा घरात कोंडून घेतो, बोलत नाही, म्हणून त्याला ‘सुधारायला’ विपश्यनेला पाठवणारे आई-वडील असतात. त्याला आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. आणि तुम्हाला नुसतं झोपायचं, भटकायचं असेल तर शेतघर बरं. दोन्हींत उच्च-नीच काही नाही.

“असलं सगळं श्रीमंतांसाठी,” हेही सर्रास ऐकू येतं. विपश्यनेच्या शिबिराला शुल्क नाही. शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर ते चालतं. उरुळी कांचनची तर सुरुवातच उलट टोकाकडून झाली. गांधीजी पुण्यात डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात राहत असत. शहरातलं केंद्र खेड्यातल्या गरिबाच्या उपयोगी पडणार नाही, हे जाणवल्यावर मार्च १९४६ मध्ये ते उरुळीला गेले, गावकऱ्यांना स्वतः तपासलं, आणि काम मणिभाई देसाईंवर सोपवलं. मणिभाईंनी पुढचं सगळं आयुष्य तिथेच काढलं. ‘बाएफ’ ही त्यांनी १९६७ साली उभी केलेली संस्थाही तिथूनच वाढली. गरिबाला परवडेल असं आरोग्य, हा या जागेचा पाया आहे. महागडा रिसॉर्ट तो विसरतो, आपण विसरू नये.

“गावाकडची हवा शुद्धच, आणि हिवाळ्यात गाव निवांतच”

हिवाळ्यात पहाटे गावाबाहेरच्या टेकडीवरून खाली पाहिलंत, तर आंब्याच्या शेंड्यांच्या उंचीवर एक निळसर थर आडवा पसरलेला दिसेल. बरेच जण त्याला धुकं म्हणून फोटो काढतात. त्यात चुलींचा, पाणी तापवायच्या बंबांचा, पाचट जाळल्याचा धूर असतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन लवकर गार होते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं, आणि धूर खालीच कोंडतो. ऊन तापल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास, तो वर उठून विरतो. निफाडकडे पारा फारच उतरला, की द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी बागांमध्ये रात्रभर शेकोट्या पेटवतात. वर्षभराची कमाई वाचवण्याची ती धडपड असते, तिथे पाहुण्याने नाक मुरडू नये. मात्र दमा किंवा जुनाट खोकला असणाऱ्यांनी पहाटे पाचला ‘शुद्ध हवा’ खायला बाहेर पडू नये. ऊन वर आल्यावर फिरावं.

शांततेचंही तसंच. शहरी माणसाला वाटतं, गाव थंडीत शेकोटीभोवती बसलेलं असतं. खरं तर रब्बीचा हंगाम भरात असतो. कांद्याची लागण चालू असते, वीज रात्रीची असेल तर गहू-हरभऱ्याला रात्रीच पाणी द्यावं लागतं. ऊसपट्ट्यात गाळप हंगामभर उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस धावतात, त्यांवरची गाणी मैलभर ऐकू येतात. फडाच्या कडेला पाचटाच्या खोप्यांतून ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडं असतात, आणि त्यांची पोरं त्याच थंडीत उघड्यावर झोपतात. निवांतपणा शोधत आलेल्याने हेही पाहावं असं मला मनापासून वाटतं.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या भागात उसातल्या बिबट्यांचा प्रश्न खरा आहे. तोड सुरू झाली की त्यांचा आसरा उघडा पडतो. चांदण्यातली एकट्याने फेरी तिथे नकोच, आणि लहान मुलांना अंधारात अंगणाबाहेर सोडायचं नाही. यजमान सांगतील तेवढंच फिरावं.

हुरड्याच्या जागा रविवारी गजबजतात, कुठे कुठे मोठे स्पीकरही लागतात. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला कायद्याने बंदी आहे, हे पाहुण्यांनी आणि मालकांनी दोघांनी लक्षात ठेवावं. शांतताच हवी असेल तर सोमवार ते गुरुवार जावं, दरही बहुधा उतरलेले असतात.

“सकाळच्या कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व मिळतं”

कोवळं ऊन उबदार असतं, झोपेचं घड्याळ लावायलाही उपयोगी. पण ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण तिरप्या उन्हात फारसे पोहोचत नाहीत. सोपी खूण म्हणजे आपली सावली. ती आपल्या उंचीहून आखूड असेल तेव्हा ते किरण पुरेसे असतात. महाराष्ट्रात डिसेंबरात ही वेळ भर दुपारी, साधारण बारा-एकच्या आसपासच येते. काचेआड बसून काहीच मिळत नाही. पहाटेबद्दल आणखी एक गोष्ट: थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयविकाराचे झटकेही या ऋतूत अधिक येतात. साठीच्या पुढच्यांनी, रक्तदाब असणाऱ्यांनी पहाटेच्या गार पाण्याच्या अंघोळीचं आव्हान घेऊ नये.

“धूर दिसत नाही, म्हणजे धोका नाही”

हे सगळं लिहिलं ते मुख्यतः यासाठी. शेतघरात रात्री गारठा वाढतो, कुणीतरी घमेल्यात लालबुंद निखारे घेऊन खोलीत ठेवतं, दार-खिडक्या घट्ट लावतं. धूर नसतो, ऊब असते. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो. बिनखिडकीच्या न्हाणीघरातला गॅस गिझरही हेच करतो, आणि अशा मृत्यूच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. डोकं जड होणं, चक्कर, मळमळ, पाय गळून जाणं ही लक्षणं दिसली तर त्यांना पित्त किंवा दमणूक म्हणू नका. दारं उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा.

म्हणून खोली ठरवताना नाश्त्याला काय आहे हे नंतर विचारा. आधी विचारा की गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर बसवलेला आहे का, आणि सर्वांत जवळचा दवाखाना किती अंतरावर आहे. शेतघरं चालवणाऱ्या सगळ्यांना एक विनंती: यंदाचे पाहुणे येण्याआधी ते गिझर बाहेर काढा, खोलीत निखारे देणं बंद करा, आणि त्याऐवजी दोन गोधड्या जास्त द्या.